तट्टू, लाद आणि कोकणातला घाम: रानवाटेवरच्या तीन दिवसांची तयारी

देशावरचं तट्टू कोकणात उतरवलं की त्याला पहिला त्रास होतो तो चढउताराचा नव्हे, घामाचा. घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत घाम आला की उडून जातो आणि जनावर गार होतं. खाली खाडीकाठच्या दमट हवेत तोच घाम अंगावर तसाच राहतो. खोगिराखालची घोंगडी भिजते, कातडी मऊ पडते आणि त्यावर लाद, म्हणजे पाठीवरचं ओझं, घासली की पाठ लागते, म्हणजे सुजते किंवा सोलते. शिवाय अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून दिसायला सोप्या वाटेवरही तट्टू दमून बसतं. लाद किती घ्यायची, निघायचं कधी, उतरवायचं कसं, हे सगळं कोकणात या घामावरून ठरवायचं.

असे मुक्काम पूर्वी शिकारीसाठी निघत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला, आणि ते योग्यच झालं. रानडुकराने शेत उकरलं तरी परवानगी वनखात्याकडूनच घ्यावी लागते. आता सोबत दुर्बीण आणि कॅमेरा असतो, आणि जाण्याचं कारण पक्षी, सडे (जांभ्याची उघडी पठारं), देवराया, कातळशिल्पं. सामान पाठीवर लादून न्यायची विद्या मात्र तीच आहे आणि ती नीट शिकावी लागते.

कधी जायचं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्यांवर शेवाळ असतं, नालाचा पाय त्यावर टिकत नाही. ऑक्टोबरमध्ये वाटा वाळलेल्या दिसतात, पण हवा सगळ्यात वाईट असते आणि गोमाश्या जोरात असतात. मार्चपासून सड्यावरचा कातळ दहा वाजताच तापतो.

रोजचा अंदाज घ्यायला एक सोपा हिशेब आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज १५० च्या पुढे गेली की घाम नीट सुकत नाही, म्हणून चाल कमी करा आणि थांबे वाढवा. १८० च्या पुढे गेली तर त्या दिवशी लाद घालूच नका. ३२ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ९० फॅरनहाइट. आर्द्रता ८० असेल तर बेरीज १७० होते. पुण्याच्या हवेत सहज २० किलोमीटर चालणारं जनावर या हवेत १० किलोमीटरला थांबवावं लागतं.

तट्टू घाटावरून आणणार असाल तर निघण्याआधी किमान दोन आठवडे ते खाली राहू द्या. पहिले चार दिवस फक्त सकाळी अर्धा तास मोकळं फिरवा, मग हळूहळू लाद चढवा. टेम्पोतून आणलं की दुसऱ्या दिवशी काम लावू नका. घाटाच्या वळणांवर तोल सांभाळताना त्याचे पाय आखडलेले असतात.

कागदपत्रं आणि टोचण्या थोडक्यात. राखीव वनातून किंवा अभयारण्यालगत जाणार असाल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी आधी काढा. फणसाडसारख्या अभयारण्यात जनावर घेऊन शिरायचा विचारही परवानगीशिवाय करू नका. धनुर्वाताची लस झालेलीच हवी, कारण घोड्याच्या जातीला धनुर्वात फार लवकर होतो आणि खुरातल्या खिळ्याची लहानशी जखमही त्याला पुरते. रेबीजची लस द्या. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाली आहे का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. हे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात आणि उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी सुरुवात करा.

वजनाचा हिशेब

आधी तट्टाचं वजन काढा. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे, जिथे तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १४८ आणि लांबी १३५ असेल तर उत्तर सुमारे २४९ किलो येतं. आपल्याकडचं चांगलं पोसलेलं तट्टू याच्याच आसपास भरतं.

या वजनाचा पाचवा हिस्सा ही लादीची मर्यादा, आणि त्यात खोगीर, घोंगड्या, दोर सगळं आलं. म्हणजे २५० किलोच्या तट्टाला ५० किलो. ओझेवाहू जनावरांच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो घालता येतात असं लिहिलं आहे. ती कायद्याची कमाल मर्यादा आहे, रोज गाठायचा आकडा नव्हे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, आणि पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम नको, हेही आहे. कोकणात आम्ही ४५ ते ४८ किलोच्या पुढे जात नाही.

दोन माणसं, एक तट्टू, तीन दिवस: खोगीर आणि दोन घोंगड्या ९ किलो, चंदी (धान्याचा खुराक) ६, पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन १०, ताडपत्री ३, अंथरूण ४, शिधा ६, भांडी ३, नालाचं सामान ३, औषधं दीड, दोर २. एकूण साडेसत्तेचाळीस. यात माणसांचे कपडे नाहीत. ते ज्याने त्याने आपल्या पाठीवर घ्यायचे. कुणाची चैन तट्टाच्या पाठीवर चढायला लागली की पहिल्याच दिवशी काटा ५५ दाखवतो. तेव्हा माणसाशी भांडा, पण सामान काढा.

लादायचं कसं

इथे घाई केली तर पुढचे तीन दिवस बिघडतात. दोन माणसांना सुरुवातीला चाळीस मिनिटं लागतात, सवयीने वीस.

खरारा करून पाठ स्वच्छ करा. मग डोळ्यांवर भरवसा न ठेवता उघडा तळवा मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत सावकाश फिरवा. सुकलेल्या घामाचा खडा, कुसळ, गोचीड, गरम वाटणारी जागा, सगळं हाताला कळतं. एखाद्या जागी हात टेकताच कातडी थरथरली किंवा तट्टाने कान मागे टाकले, तर त्या जागेवर त्या दिवशी काहीही बसवायचं नाही.

खोगिराखाली लोकरीची घोंगडीच वापरा. लोकर घाम शोषते आणि ओली झाली तरी तिचा गोळा होत नाही. फोमची गादी किंवा नायलॉनचं पांघरूण दिसायला मऊ असतं, पण ते घाम पाठीवरच धरून ठेवतं. घोंगड्या दोन हव्यात: एक पाठीवर, दुसरी वाळत. घडी खोगिराच्या चारही बाजूंनी चार बोटं बाहेर राहील अशी करा. ती थोडी पुढे, मानेकडे ठेवा आणि मागे सरकवत जागेवर आणा, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. उलटे केस दाबले गेले की दुपारपर्यंत तिथे पुरळ येतं. शेवटी मधली कड दोन बोटांनी वर उचलून खोगिराच्या खोबणीत घ्या. कण्याच्या वर हवेला वाट राहिली पाहिजे, कण्याच्या टोकांवर कापड ताणलेलं नको.

लाकडी सांगाड्याचं खोगीर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या मागे बसवा. खांद्याचं हाड चालताना मागे येतं, त्यावर खोगीर चढलं तर पाऊल आखूड पडतं. तंग कोपराच्या मागे चार बोटं अंतरावर येतो. तो एका दमात आवळायचा नाही, कारण बहुतेक तट्टं तंग आवळताना पोट फुगवतात. आधी बेताचा आवळा, छातीचा पट्टा आणि शेपटीखालची दुमची लावा, मग परत तंगाकडे या. तंगाखाली दोन बोटं सपाट जावीत. दुमचीखाली तीन बोटं मोकळी हवीत. ती ताणली तर शेपटीच्या मुळाशी कातडी सोलते, आणि सैल असेल तर पाखाडी उतरताना सगळी लाद मानेवर येते.

आता दोन्ही बाजूंच्या पेट्या किंवा गोण्या. हुकाच्या काट्यावर दोन्ही वजन करा. फरक अर्ध्या किलोच्या आत हवा. पाहायला बारीक वाटेल, पण चार तास एक किलोने कललेलं खोगीर कण्याच्या एका बाजूला सतत दाबत राहतं. जड वस्तू खाली आणि पाठीच्या बाजूला, हलक्या वर आणि बाहेरच्या बाजूला भरा. भांड्यांत फडकी कोंबा. खुळखुळणारा डबा अरुंद वाटेवर तट्टाला बुजवायला पुरतो. दोन्ही बाजू दोघांनी एकाच वेळी टांगायच्या. एकाने एक बाजू टांगून दुसरीकडे धावायचं, असं केलं की खोगीर पोटाखाली फिरतं, आणि पोटाखाली सामान लोंबकळणारं तट्टू थांबवता येत नाही.

पाण्याच्या कॅनची गोष्ट वेगळी. वाटेत पाणी वापरलं की ती बाजू हलकी होते. म्हणून पाच-पाच लिटरचे दोन कॅन घ्या आणि दोन्हींतून सारखं पाणी काढा. अर्धवट भरलेला कॅन डुचमळतो, तेव्हा एक संपवून दुसरा गच्च ठेवायचा मोह आवरा. दोन्ही अर्धे झाले की त्यातलं पाणी तट्टालाच पाजून टाका, पुढच्या विहिरीवर पुन्हा भरता येतं.

वरची लाद मऊ आणि हलकी: अंथरूण आणि ताडपत्री, सगळं मिळून सात-आठ किलोंपर्यंत. उंची वाढली की तोल जातो आणि करवंदीच्या जाळ्यांत अडकतं. शेवटी दहा-बारा मीटरचा दोर लादीवरून तिरका घेऊन दोन्ही पेट्यांभोवती फिरवा आणि सुटी गाठ मारा, अशी की मोकळं टोक एकदा ओढलं की सगळं सुटेल. तट्टू पडलं किंवा वहाळात, म्हणजे ओढ्यात, अडकलं तर गाठ सोडवायला वेळ नसतो. काथ्याचा दोर कोकणात जागोजागी मिळतो, पण तो जनावराच्या अंगाला लागू देऊ नका. त्याची कूस कातडी सोलते. धरायला सुती दोर, बांधायला नायलॉनचा.

निघाल्यावर पंधरा मिनिटांनी थांबा आणि तंग पुन्हा पाहा. घोंगडी दबलेली असते, पोटातली हवा गेलेली असते, तंग एक-दोन भोकं सैल झालेला असतो. हा थांबा टाळल्यामुळे जेवढ्या लादी घसरतात, तेवढ्या दुसऱ्या कशामुळे घसरत नाहीत.

चाल

पहाटे पाचला उठा, आधी तट्टाला चंदी. चंदी आणि लाद यात किमान एक तास जाऊ द्या. साडेसहाला निघून साडेदहापर्यंत चाल संपवायची. लादलेलं तट्टू सपाटीला तासाला चारएक किलोमीटर चालतं, चढाला अडीच-तीन. दिवसाला १२ ते १५ किलोमीटर पुष्कळ झाले. दर तासाला दहा मिनिटं सावलीत थांबा. संध्याकाळी चारनंतर गरज पडली तरच पुन्हा तासभर.

चढावर दोर मोकळा सोडा, त्याला मान पुढे टाकून चढू द्या. उतारावर पुढे चालणारा माणूस वाटेच्या आतल्या बाजूला आणि दोन हात पुढे असावा. तट्टू घसरलं तर त्याच्यासमोर सापडू नये. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

सड्यावर कातळशिल्पांपाशी जाणार असाल तर तट्टू लांब, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडे बांधा. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे, बारसू, कशेळी इथली चित्रं जांभ्यावर कोरलेली आहेत आणि काही ठिकाणी त्यांच्या रेषा जेमतेम बोटभर खोल आहेत. नालाच्या एका घसरणीने त्या रेषेवर कायमचा ओरखडा उठतो. गवत वाढलेलं असेल तर चित्र कुठे सुरू होतं तेही कळत नाही, म्हणून गावातल्या माणसाला सोबत घ्या.

पुळणीवरून जायचं असेल तर

दापोली-गुहागरच्या किनाऱ्याने जाताना कोरड्या पुळणीवर, म्हणजे मोकळ्या वाळूवर, लादलेलं तट्टू चालवू नका. पाय रुततो आणि पायाच्या मागच्या शिरा दुखावतात. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू हीच वाट. ती सकाळी कधी मिळेल हे कोळ्यांच्या हिशेबाने काढता येतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणजे त्याआधी साधारण सव्वासहा तास, सकाळी आठच्या सुमारास पुरी ओहोटी. सहा ते दहा वाळू तुमची. अष्टमीला भरती सहाला येते आणि ओहोटी भर दुपारी बाराला, ती तुमच्या कामाची नाही. म्हणून किनाऱ्याची वाट अमावास्या किंवा पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत ठेवा. जागेनुसार अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा, आणि निघण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारून खात्री करा.

खाडी पोहून किंवा चिखलातून पार करायचा प्रयत्न करू नका. खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतला, चिखल वरून घट्ट दिसतो आणि तट्टू पोटापर्यंत जातं. घाबरून धडपडलं की आणखी खाली. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, तवसाळ-जयगड इथे वाहनांच्या फेरीबोटी आहेत, पण जनावर घेतील का आणि कधी घेतील हे आदल्या दिवशी जाऊन विचारा. घेतलं तर लाद उतरवूनच चढवायचं, लोखंडी पत्र्यावर गोणपाट टाकायचं, आणि इंजिनच्या आवाजाकडे तट्टाची पाठ नको, तोंड हवं. मुक्कामाला पोचल्यावर पायांवरचं खारं पाणी गोड्या पाण्याने धुवा. मीठ सुकलं की घोट्यामागच्या घडीत भेगा पडतात.

चारा, पाणी, मीठ

२५० किलोच्या तट्टाला रोज साधारण पाच किलो कोरडं खाणं लागतं, त्यात चंदी दीड ते दोन किलो. भरडलेला हरभरा, थोडा गव्हाचा कोंडा, आणि देशावरून आणलेली बाजरी किंवा जव. ही चंदी घरचीच न्या. अचानक बदललेलं धान्य पोटशूळ आणतं. एका वेळी एक किलोहून जास्त चंदी नको. तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, देताना ती ओलसर करा म्हणजे भुकटी नाकात जात नाही.

गवत वाटेत विकत मिळतं. डिसेंबरात सड्यावरचं गवत कापून भारे बांधलेले असतात. भारा उघडून वास घ्या. कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर परत करा. भाताचा पेंढा पोटभरीला थोडा चालतो, पण त्यात कस कमी आणि चावायला चिवट, आणि पाणी कमी पडलं तर आतड्यात त्याचा गोळा होतो. गुरांना पेंढा चालतो म्हणून तट्टाला चालेल असं नाही. गाय रवंथ करते, तट्टू करत नाही.

पाणी रोज २५ ते ४० लिटर. वाटेवर कुठे विहीर आणि कुठे बारमाही वहाळ आहे ते आधी गावकऱ्यांकडून लिहून घ्या. जानेवारीअखेर बरेच वहाळ कोंडीपुरते उरतात. विहिरीवर तट्टाला नेऊ नका, बादलीने पाणी लांब आणून पाजा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ लीद पडली तर गावाचं पाणी बिघडतं, आणि पुढच्या वेळी तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. घामात मीठ जातं, म्हणून रोज ३० ग्रॅम, जास्त घामाच्या दिवशी ६० ग्रॅम मीठ दोन वेळच्या चंदीत विभागून द्या. पाण्यात मीठ घालणार असाल तर शेजारी साध्या पाण्याची बादली हवीच.

कण्हेर ओळखायला शिका. कोकणात कुंपणाला, देवळापाशी ती सर्रास असते आणि थोडी पानंही तट्टाचा जीव घेतात. वाळलेली पानंसुद्धा तेवढीच विषारी असतात. एरंड आणि गुंजेच्या वेलापासूनही दूर ठेवा. वाट खाजकुयलीच्या शेंगांतून जात असेल तर दुसरी शोधा.

मुक्काम

पोचल्याबरोबर लाद उतरवा, पण खोगीर लगेच ओढून काढू नका. तंग दोन भोकं सैल करा आणि दहा मिनिटं सावलीत उभं करा. चार तास दाबलेल्या कातडीत रक्त एकदम परत आलं की सूज येते. मग खोगीर काढा आणि पाठ नीट पाहा. सगळीकडे सारखा घाम असेल तर बसवणी बरोबर आहे. ओल्या पाठीत हाताच्या पंजाएवढी एखादी जागा कोरडी दिसली तर ती चांगली खूण नव्हे. तिथे एवढा दाब पडला की घामही आला नाही. उद्या तिथेच पाठ लागणार, म्हणून घोंगडीची घडी आजच बदला. पाहून झालं की पाठ पाण्याने धुवा, हाताने निपटा आणि घोंगडी उन्हात उलटी टाका.

तट्टू बांधायला दोन मजबूत झाडांमध्ये तट्टाच्या डोक्याहून वर, सहा-सात फुटांवर दोर ताणा. खोडाला गोणपाट गुंडाळा. म्होरकीचा दोर इतका ठेवा की तोंड जमिनीला पोचेल पण पाय अडकणार नाही. माडाखाली कधीही बांधू नका. नारळ किंवा झावळी पाठीवर पडली तर कणा जातो. गडग्याच्या दगडालाही नको, तट्टाने हिसका दिला की दगड त्याच्याच मागे येतो. वर पाहा: आग्या मोहोळ किंवा ओंबीलीचं (झाडावरच्या लाल मुंग्यांचं) घरटं असेल तर जागा सोडा. धूर अशा झाडाकडे जाऊ देऊ नका.

बिबट्या या भागात आहे हे धरूनच चाला. एकटं बांधलेलं तट्टू रात्री लांब ठेवू नका. वाडीजवळ मुक्काम करा, शक्य असेल तर कुणाच्या गोठ्याशेजारी जागा मागा. चूल पेटवायची ती फक्त परवानगी असेल तिथे, भोवतीचं गवत पाच हात साफ करून. जानेवारीत सड्यावर लागलेला वणवा गावाचं वर्षभराचं गवत खातो.

फुरसं हा विषारी साप जांभ्याच्या फटीत आणि पालापाचोळ्यात असतो. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. खोगीर आणि घोंगड्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, फांदीवर टांगा आणि सकाळी झटकून घ्या, कारण लाल विंचू त्यात शिरतो. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देण्याचं मोलाचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं आहे. दंश झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला असाल तर गोचिडांची रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी करा, तट्टाचीही आणि तुमचीही. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांतून पसरतो.

पाय आणि नाल

नाल निघण्याआधी सात ते दहा दिवस मारा, आदल्या दिवशी नव्हे. एखादा खिळा आत जिवंत भागाजवळ गेला असेल तर लंगडणं दोन-तीन दिवसांनी दिसतं, आणि ते घरी दिसलेलं बरं. अलिबाग, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यांवर घोडे आहेत, माथेरानला वाहनबंदीमुळे बरंच सामान अजून तट्टांवरून जातं, म्हणून उत्तरेकडे नालबंद सापडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो सहज मिळत नाही. म्हणून आधीच ठोकून बसवून पाहिलेले एक पुढचा आणि एक मागचा नाल, वीस खिळे, हातोडी, पकड, कानस आणि खूर खरवडायचा आकडा सोबत ठेवा. रोज संध्याकाळी चारही खूर उचलून जांभ्याचे खडे काढा आणि खिळ्यांची वळवलेली टोकं चाचपा. टोक बोटाला लागायला लागलं म्हणजे नाल ढिला होतोय. अर्धवट लोंबणारा नाल घेऊन चालवू नका, सगळे खिळे सरळ करून काढून टाका, खुरावर जाड फडकं आणि वर चिकटपट्टी गुंडाळा, आणि लाद माणसांनी वाटून घेऊन सावकाश जवळच्या रस्त्यावर या.

बिघडलं तर

तट्टू स्वस्थ असताना त्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ३७.५ ते ३८.५ अंश असतो. तुमच्या तट्टाचे आकडे घरीच तीन दिवस घेऊन वहीत लिहा. चालून थांबल्यावर पंधरा मिनिटांत नाडी ६० च्या खाली यायला हवी. आली नाही तर त्या दिवसाची चाल संपली.

ताप ४० च्या वर, श्वास भराभर, नाकपुड्या फुगलेल्या, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे उन्हात अंग कोरडं आणि घाम बंद: हा उष्माघात. लाद काढा, सावलीत वाऱ्याच्या बाजूला उभं करा, अंगभर गार पाणी ओता, निपटा, पुन्हा ओता. ताप ३९ च्या खाली येईपर्यंत थांबू नका. गार पाण्याने पाय आखडतात हा समज चुकीचा आहे. पाणी पिऊ द्या, पोटभर.

पोटशूळात तट्टू कुशीकडे वळून पाहतं, पुढच्या पायाने जमीन उकरतं, आडवं पडून लोळतं, लीद टाकत नाही. चंदी बंद करा, सावकाश फिरवा, पशुवैद्यांना फोन करा. तोंडात नळकांड्याने तेल ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. तट्टाला ओकारी होत नाही, त्यामुळे आत गेलेलं बाहेर काढायचा मार्गच नसतो.

पाठ लागली असेल, म्हणजे गरम सूज किंवा केस गेलेली जागा असेल, तर त्या तट्टाची लाद तिथेच संपली. मलम लावून, घोंगडीला भोक पाडून पुढे रेटलं तर जखम आत हाडापर्यंत जाते आणि मग महिने लागतात. मोकळं तट्टू चालवत परत आणा. सामान आणायला गाडी बोलवा.

परतल्यावर घोंगड्या साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, तंगाला आणि दुमचीला एरंडेल चोळा. तीन दिवस मोकळं सोडा आणि रोज पाठीवरून हात फिरवा, कारण आतल्या दाबाची सूज कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वर येते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत येऊन-जाऊन ताप, पोटाखाली किंवा पायांवर सूज, खाऊनही उतरत जाणारं अंग असं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या. गोमाश्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्तातला रोग येतो, आणि लवकर सापडला तर औषध लागू पडतं.